रोपं उगवल्यावर पेटलेला राब

अन्याय झाला तो वनितावर. वनिता म्हणजे माझी मावसबहीण. झरीजवळच्या एका पाड्यावर दिलेली, हंगामात डहाणूकडच्या एका वखारीत चिकू निवडायला जाणारी. कधी झाला तेही सांगते. गेल्या वर्षी वैशाखात, पेरणीआधी शेतातले राब भाजून झाले त्या आठवड्यातल्या सोमवारी, दुपारी बाराच्या सुमारास, एका नेत्रशिबिरात. डाव्या डोळ्याने दिसेनासं झालंय, डोळा फिरवला की आत ठणका लागतो, एवढं तिने सांगितलं. तपासणाऱ्याने बॅटरी मारली. मोतीबिंदू नाही म्हणाला, डोळा स्वच्छ आहे म्हणाला. मग तिचं आडनाव वाचलं, पाडा विचारला, आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ताडी बंद कर. आपोआप दिसेल." ताकदीच्या गोळ्यांची पट्टी हातात ठेवली आणि पुढच्याला बोलावलं.

वनिता पीत नाही. पीत असती तरी अशा वेळी प्रश्न विचारायचा असतो, निकाल द्यायचा नसतो.

शिबिर कोणाचं होतं ते मी लिहीत नाही. कोणाला घाबरून नाही. पत्रक लिहायला मला ज्यांनी शिकवलं त्या बाईंचा हा नियम होता. त्या म्हणायच्या, नाव छापलं की लोक त्या नावाशी भांडतात आणि चाल तशीच पुढे चालू राहते. अन्याय झालेल्याचं नाव पहिल्या ओळीत, वेळ दुसऱ्या ओळीत, आणि मग काय घडलं ते. माझ्या पहिल्या पत्रकातले 'निर्घृण', 'अमानुष', 'संतापजनक' हे सगळे शब्द त्यांनी एका दमात खोडले होते. "राग तू कशाला करतेस? वाचणाऱ्याला येऊ दे की. त्याचं काम त्याला ठेव."

बाई म्हणजे आमच्या आश्रमशाळेतल्या विज्ञानाच्या बाई. वेवजीच्या, तिथल्याच भातशेती करणाऱ्या घरातल्या. त्यांचं नावही इथे येणार नाही. त्यांनीच बजावून ठेवलं होतं, माझ्या नावाने काही छापलंत तर बादली तुमच्या डोक्यावर ओतीन.

ही बादली खरी होती. निळी, प्लास्टिकची, कडेला तडा गेलेली. बाई वर्गात शिरायच्या त्या बादली घेऊन. बोअरिंगवरून स्वतः पाणी भरून आणायच्या, मुलींना उचलू द्यायच्या नाहीत. खुर्चीत बसायच्या, चपला काढायच्या, साडी घोट्याच्या वर घ्यायच्या, दोन्ही पाय बादलीत बुडवायच्या आणि मग म्हणायच्या, "हं, काल कुठे होतो?" डोक्यावर ओला पंचा. पंचाचं पाणी मानेवरून पाठीवर उतरायचं आणि ब्लाउजच्या मागे नकाशा उमटायचा. आम्ही तो नकाशा कोणत्या देशाचा यावर पैजा लावायचो. बाईंना ते माहीत होतं. एकदा फळ्याकडे तोंड असतानाच म्हणाल्या, "आज आफ्रिका असेल. भूगोलाच्या सरांना दाखवून घ्या."

चहा त्या गरम कधी प्यायल्या नाहीत. शिक्षकांच्या खोलीत चहा आला की बशीत ओतून ठेवायच्या आणि साय धरल्यावर घ्यायच्या. आणि दुसरी सवय याहून विचित्र. सकाळी प्रार्थनेला उभ्या असताना समोरच्या मुलीची वेणी धरायच्या, एक डोळा तळहाताने झाकायच्या, तिची लाल रिबन बघायच्या, मग दुसरा डोळा झाकून पुन्हा बघायच्या. "उजवीकडून तुझी रिबन आज विटकी दिसते," एवढंच बोलून पुढे जायच्या. ती मुलगी बिचारी दुपारी रिबन साबणाने घासत बसायची. रिबनचा काही दोष नव्हता. बाई स्वतःचा उजवा डोळा तपासत होत्या.

गावात दोन मतं होती. अर्धे म्हणायचे बाई पितात, कारण दुपारी उन्हातून चालताना त्यांचा तोल जायचा, आणि ओळखीच्या माणसाला त्या ओळख द्यायच्या नाहीत. उरलेले म्हणायचे डोकं फिरलंय. पाहणीला आलेल्या एका साहेबांनी बादलीकडे बोट दाखवून हसत विचारलं की हा कुठला प्रयोग. बाईंनी पाय बाहेर न काढता सांगितलं की अंग तापलं की माझा उजवा डोळा मंद होतो, थंड झालं की परत येतो. पाणी काढून घ्याल तर मला तिसऱ्या रांगेच्या मागची मुलं दिसणार नाहीत. साहेब पुन्हा हसले. पुढच्या सत्रात दहावीचं विज्ञान बाईंकडून गेलं आणि त्यांना सामानाच्या खोलीची देखरेख मिळाली. तिथे खिडकी नव्हती आणि वर पत्रा होता. अंग तापलं की जिला दिसत नाही तिला पत्र्याखाली बसवलं. यावर मला विशेषण सुचतं, पण ते बाईंनी खोडलंच असतं.

बाईंच्या आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. तो त्यांना कळला फार उशिरा, मुंबईत, तोवर उजव्या डोळ्याचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. आम्हाला तो त्यांनी शिकवला तो पुस्तकातून नाही. बाईंकडून दहावी जाण्याआधीच्या वैशाखात, सुट्टीत घरी न गेलेल्या आम्हा मुलींना त्यांनी शाळेमागच्या शेतात नेलं. तिथे राब भाजत होते. आमच्याकडे भाताचं बी पेरायच्या जागेवर पालापाचोळा, शेण, तोडलेल्या फांद्या पसरतात आणि पेटवून देतात. तण मरतं, किडे मरतात, जमीन सुधारते. मग पाऊस पडला की त्यात बी पडतं. बाई धगीपासून लांब, बांधावर ओला पंचा घेऊन बसल्या होत्या.

"ही आग चांगली का वाईट?" त्यांनी विचारलं.

चांगली, आम्ही म्हणालो.

"आणि रोपं वीतभर झाल्यावर कोणी हीच आग लावली तर?"

वनिता तेव्हा त्याच शाळेत होती, माझ्या शेजारी बसलेली. ती म्हणाली, "येडा असल तो."

"माझं शरीर तसलं येडं आहे," बाई म्हणाल्या. मग त्यांनी काडीने मातीत डोळा काढला. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर बारीक पेशी असतात, ही रोपं. त्यांच्या लांब मुळ्या एकत्र वळून, दोरखंड होऊन, मेंदूकडे जातात. रोग मारायला ठेवलेली जी आग शरीरात असते ती चुकून त्या दोरखंडावर पडते. मुळी भाजली की पडद्यावरचं रोप वाळायला लागतं. बाहेरून डोळा बघाल तर स्वच्छ, पाणीदार. बॅटरी मारणाऱ्याला काही दिसणार नाही, कारण आग मागे लागलेली असते.

एका मुलीने विचारलं, मग औषध नाय का?

"आग लवकर विझवायचं आहे. पुढच्या आगी कमी लागाव्यात म्हणूनही आहे. पण पेटलेल्या राबात रोप जिवंत ठेवील असं औषध अजून हातात नाही. शोधणारे शोधतायत. ते मिळेपर्यंत धूर दिसला की पळायचं, एवढंच आपल्या हातात. आणि वाळलेलं रोप हिरवं होत नाही, म्हणून नंतर रडायला येऊ नका."

हे बाई आम्हा मुलींना सांगत होत्या. त्या घोळक्यातल्याच एकीला पुढे तो आजार होणार आहे हे कोणाला माहीत असणार.

बाई लवकर निवृत्त झाल्या, किंवा केल्या गेल्या, आणि वेवजीला भावाच्या घरी राहायला गेल्या. मी संघटनेत गेले. आमच्या लोकांनी एकदा त्यांना अपंगांच्या हक्कांच्या सभेत मंचावर बसवायचं ठरवलं. काळा चष्मा लावा असं एका कार्यकर्त्याने सुचवलं, म्हणजे लांबच्या लोकांना कळेल. बाईंनी चष्मा घेतला, माईकपाशी गेल्या, आणि म्हणाल्या की हा चष्मा ज्याने दिला त्याला मी आंधळी हवी आहे, मला मात्र डाव्या डोळ्याने त्याची उघडी राहिलेली चेन इथून दिसते. सभा हसून लोळली. त्या कार्यकर्त्याने पुन्हा कोणाला चष्मा दिला नाही. मी त्या दिवशी बाईंवर चिडले होते, कारण सभेचा मुद्दा राहून गेला. बाई म्हणाल्या, "मुद्दा चष्म्याच्या आत होता. तो मी काढला."

आता वनिताकडे येते, कारण खरी चीड इथे आहे.

शिबिरातून ती घरी आली. गोळ्या खाल्ल्या. आणि काही आठवड्यांनी तिचा डावा डोळा हळूहळू बराचसा परत आला. पूर्ण नाही. रंग फिके राहिले, पण माणूस ओळखता यायला लागला. या आजारात असं होतं. आग आपोआपही विझते, जगलेली रोपं काम करत राहतात. पण पाड्याने काय हिशोब मांडला? शिबिरवाला म्हणाला ताडी सोड, दिसेल. दिसायला लागलं. म्हणजे सोडली. म्हणजे पीत होती.

बघा हे कसं आहे. तिचा डोळा सुधारला तोच तिच्याविरुद्धचा पुरावा झाला. डोळा गेला असता तर निदान दया आली असती. नवरा गप्प राहायला लागला. सासू पोराला तिच्याजवळ झोपू देईना. वनिता आधी सांगत होती की मी कधी तोंडाला लावली नाय, मग सांगायची थांबली. कारण प्रत्येक वेळी समोरचा म्हणायचा, "बरं बरं, सुटली ना आता? बस झालं."

दिवाळीनंतर उजवा डोळा गेला. पुन्हा तोच ठणका, पुन्हा मधोमध काळं. आणि यावेळी तिने कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर लोक काय म्हणणार हे तिला माहीत होतं. वखारीत चिकू निवडताना साल नखाने खरवडून बघतात, आत हिरवं दिसलं की फळ कच्चं, बाजूला टाकायचं. एक डोळा फिका आणि दुसरा काळा, हिरवं कुठून दिसणार? कच्चे चिकू पेटीत गेले. मुकादमाने सगळ्या बायांसमोर तिला उभं केलं, जवळ येऊन तोंडाचा वास घेतला, वास आला नाही तरी म्हणाला, "परत चालू केलीस काय?" आणि घरी पाठवलं.

हे मला कळलं ते वखारीतल्या दुसऱ्या बाईकडून. तिने गंमत म्हणून सांगितलं, की तुझी बहीण पुन्हा सुरू झाली. मी पाड्यावर गेले. वनिता भाताच्या कणग्यांमागे अंधारात बसली होती. उजेडात डोळा जास्त दुखतो म्हणाली. मी तिला मोटरसायकलवर मागे बसवलं आणि वेवजीला नेलं. बाई आता दोन काठ्यांवर चालायच्या. अंगणात खाटेवर बसून पाय बादलीत घातलेले होते. तीच निळी बादली.

बाईंनी तिला वेणी पुढे घ्यायला सांगितली नाही. शेजारच्या पोरीच्या हातातला लाल फुगा मागून घेतला. डहाणूकडे फुग्यांचे कारखाने आहेत, घरोघर पोरांकडे फुगे. वनिताचा डावा डोळा झाकला. रंग सांग.

"मातीसारखा," वनिता म्हणाली.

"डोळा इकडे तिकडे फिरव. दुखतं?"

"लई."

बाईंनी फुगा पोरीला परत दिला. "कधीपासून?" वनिताने सांगितलं. बाई मला म्हणाल्या, तू आता इथे कोणावर चिडत बसू नकोस, गाडी बघ. आणि मग वनिताकडे वळून, पहिल्यांदाच इतक्या हळू आवाजात, "पोरी, पहिल्या वेळी माझ्याकडे का नाय आलीस? तुला तर मी राब दाखवला होता."

वनिता म्हणाली, "बाई, मला वाटलं ते लोक बोलतात ते खरं असंल. कोणी प्रसादात काय पाजलं असंल. मलाच माहीत नसंल."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. एवढे लोक एवढा काळ एकच खोटं बोलत राहिले की जी कधी प्यायली नाही तिलाच वाटायला लागलं, आपण प्यायलो असू.

बाई आमच्याबरोबर मुंबईला आल्या. जीपमध्ये पुढच्या सीटवर, पायांखाली बादली, घाट नसूनही प्रत्येक खड्ड्यात ड्रायव्हरच्या पँटवर पाणी. ड्रायव्हर म्हणाला, "मास्तरीणबाई, मासळी नेता काय जिवंत?" बाई म्हणाल्या, "हो, मीच." मोठ्या सरकारी रुग्णालयात डोळ्यांच्या विभागाने मेंदूच्या विभागाकडे पाठवलं, मेंदूच्या विभागाने उद्या या म्हटलं. बाई दारात बसल्या. ओल्या साडीने बसल्या, फरशीवर पाणी पसरलं, सफाईवाला ओरडला, गर्दी जमली, आणि आतून एक तरुण डॉक्टर बाहेर आले. चांगला माणूस होता, ते लिहिलंच पाहिजे. त्यांनी वनिताला तिथेच तपासलं. मग जरा संकोचून म्हणाले की आदिवासी भागातून हा आजार घेऊन आमच्याकडे कोणी फारसं येत नाही.

"बॅटरी मारून घरी पाठवल्यावर येणार कोण?" बाई म्हणाल्या. "मी आले. ही आली. आता दोन झाल्या."

वनिताला दाखल केलं. सलाईनमधून स्टेरॉइड दिलं, मेंदूचा फोटो काढला, पाठीतलं पाणी तपासलं. बाईंचा अंदाज बरोबर निघाला, त्यांचाच आजार होता. उजवा डोळा परत आला, डाव्याहून पुष्कळ चांगला. डॉक्टरांनी पडद्याचं चित्र काढून दाखवलं. डाव्या डोळ्यातला पेशींचा थर पातळ झाला होता. हा भरून यायचा नाही, ते म्हणाले, आता जे आहे ते जपायचं. पुढचे झटके कमी व्हावेत म्हणून औषध सुरू केलं. ते आजही चालू आहे आणि त्यासाठी तिला मुंबईलाच जावं लागतं. आपल्या तालुक्यात ते का मिळत नाही, यावर वेगळं पत्रक निघालंय, वाचा.

परत आल्यावर बाईंनी जे केलं ते त्यांच्या सगळ्या चक्रमपणाचा कळस होतं. संक्रांतीनंतरच्या आठवडे बाजारात त्यांनी मला सोबत घेतलं, ताडीवालीच्या शेजारी खाट टाकायला लावली, आणि मोठ्याने सांगितलं की मी ताडी पिते. रोज संध्याकाळी एक ग्लास, बरीच वर्षं. ज्याला वास घ्यायचा त्याने यावं. मग चहावाल्याकडून उकळता चहा मागवला. भर उन्हात बसून दोन ग्लास प्यायल्या. डावा डोळा झाकला आणि समोरच्या खताच्या दुकानाची पाटी वाचायला लागल्या. एक अक्षर येईना. माणसं जमली. मग सावलीत बसल्या, पाय बादलीत, पंचा डोक्यावर, हातात गार ताडी. बऱ्याच वेळाने पुन्हा डोळा झाकला आणि पाटीवरची मोठी अक्षरं वाचून दाखवली.

"मी पिते, माझा डोळा ताडीने गेला नाही," त्या म्हणाल्या. "वनिता पीत नाही, तिचाही गेला. म्हणजे ताडीचा संबंध नाही. दहावी नापास माणसालासुद्धा कळेल."

मागून एक म्हातारा म्हणाला, "म्हणजे बाई, चहा वाईट आणि ताडी डोल्याला चांगली."

सगळा बाजार हसला. त्या दिवशी ताडीवालीचं मडकं दुपारीच रिकामं झालं. त्यानंतर महिनाभर ती ओरडून विकत होती, बाईंची ताडी घ्या, पाटी वाचा. बाईंनी जन्मभर विज्ञान शिकवलं आणि त्यातून गावाने एवढं उचललं. मी रागाने लाल झाले होते. बाई मात्र खाटेवर हसत होत्या, पोट धरून. म्हणाल्या, गरमीने डोळा मंद होतो तो जुन्या भाजल्या डागामुळे, नवीन आग लागून नाही, हे मी सांगायला विसरले, पुढच्या बाजारी सांगू. आणि मग हसणं थांबवून विचारलं, "वनिताकडे कोणी गेलं का?"

नाही, मी म्हणाले. कोणी गेलं नाही.

पुढचा बाजार झाला नाही. होळीच्या आधी बाईंना न्यूमोनिया झाला आणि त्या गेल्या.

वनिताकडे अजूनही कोणी गेलेलं नाही. मुकादमाने तिला परत घेतलं, कारण माणसं कमी पडली, पण चुकलो असं तो बोलला नाही. सासूने पोराला तिच्याजवळ झोपू दिलं, पण का दिलं ते सांगितलं नाही. पाड्यावर आजही तिच्याबद्दल 'सुटली' असं बोलतात. हे मी मानापमानासाठी लिहीत नाही. हा आजार पुन्हा येऊ शकतो. आला तर ती दिवाळीनंतर बसली तशी पुन्हा कणग्यांमागे बसेल, की त्याच दिवशी कोणाला सांगेल, यावर तिचा चांगला राहिलेला डोळा अवलंबून आहे. मी तेव्हा कुठल्या तरी धरण्यावर असेन. डॉक्टर मुंबईत असतील. तिच्या दारापाशी तुम्ही असाल.

म्हणून हे पत्रक हातात घेतलेल्या तुम्हाला सांगते. तुम्ही वनिताबद्दल एकदाही 'पिते' म्हणाला असाल, किंवा कोणी म्हणताना ऐकून गप्प बसला असाल, तर आज तिच्या घरी जा. ओटीवर चार माणसं असतील तेव्हाच जा. तू पीत नव्हतीस, आम्ही खोटं बोललो, असं त्यांच्यासमोर म्हणा. आणि मग तिला विचारा, आज दिसतंय का. नाही म्हणाली, तर पुढे काही विचारू नका. गाडी काढा.